बायबलमधलं ‘फळ’ कसं वाचावं: घरसभेसाठी आणि एकट्यानं अभ्यास करणाऱ्यांसाठी

आपल्या मंडळ्यांमध्ये ‘फळ’ हा शब्द उठता-बसता वापरला जातो. नव्या वर्षाच्या उपदेशात तो असतो, साक्षीत असतो, नव्या घराच्या प्रार्थनेतही असतो. ‘फलद्रूप सेवा’ म्हटलं की बहुतेक वेळा किती माणसं वाढली हे मोजलं जातं. ‘तुमच्या जीवनात फळ दिसत नाही’ असं कुणी म्हटलं की ऐकणारा मान खाली घालतो. मला या वापराचं मनापासून वाईट वाटतं, कारण शास्त्रातला हा सगळ्यात दिलासा देणारा धागा आहे आणि आपण त्याची छडी करून ठेवली आहे.

म्हणून हा अभ्यासक्रम. एकट्यानं करता येईल, पण चार-सहा जणांच्या घरसभेत तो जास्त रंगतो. आठवड्याला एक बैठक धरली तर दीड-दोन महिने पुरेल. घाई करू नका.

सगळ्या अभ्यासात तीन प्रश्न हाताशी ठेवा. फळाचा कुठलाही उतारा आला की आधी हेच विचारा: हे झाड कुणी लावलं? याचं फळ कोण खाणार? आणि मालकानं किती वाट पाहिली? ‘माझ्याकडे किती फळ आहे’ हा प्रश्न मुद्दाम बाजूला ठेवा. शास्त्र तो प्रश्न आपल्याला वाटतो तितक्या वेळा विचारत नाही.

पहिली पायरी: उतारे एका वहीत आणा

घरात जे मराठी बायबल असेल ते घ्या, एक वही आणि रंगीत पेन्सिली घ्या. मोबाइलवर शोधलं तर ‘फळ’ शब्दाची शेकडो वचनं येतात आणि माणूस गोंधळतो. त्यापेक्षा सुरुवातीला एवढेच उतारे हातानं लिहून काढा: लेवीय 19:9-10 आणि 23-25, अनुवाद 8:7-10 आणि 24:19-22, स्तोत्र 1, यशया 5:1-8, यशया 56:1-8, यिर्मया 17:5-8, यहेज्केल 15, हबक्कूक 3:17-19, मार्क 11:12-25, लूक 13:6-9, योहान 15:1-17, गलतीकर 5:13 ते 6:10.

हातानं लिहायला सांगतोय त्याला कारण आहे. वाचताना डोळा ओळखीच्या वचनावरून घसरत पुढे जातो, लिहिताना तसं होत नाही. योहान 15 लिहून काढणाऱ्याला ‘राहा’, ‘राहतो’, ‘राहाल’ हे किती वेळा आलं ते कुणी सांगावं लागत नाही, बोटांना कळतं.

लिहून झालं की एका रंगानं लावणाऱ्याची आणि मशागत करणाऱ्याची कामं अधोरेखित करा, दुसऱ्यानं फळ खाणारे, तिसऱ्यानं काळ दाखवणारे शब्द: ‘हंगामी’, ‘तीन वर्षे’, ‘ह्याही वर्षी’. पानं रंगली की ती एकमेकांशेजारी ठेवून बघा. यशया 5 मध्ये पहिला रंग दाटून येतो, अनुवाद 24 मध्ये दुसरा.

दुसरी पायरी: त्या देशाची जमीन समजून घ्या

ज्यांनी हे शास्त्र पहिल्यांदा ऐकलं त्यांच्या परसात अंजीर आणि वेल होती. अनुवाद 8:8 मध्ये देशाची सात पिकं दिली आहेत: गहू, जव, द्राक्षवेली, अंजीर, डाळिंब, जैतून आणि मध. तिथला पावसाळा आपल्या उलट. पाऊस साधारण ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत, आणि उन्हाळा जवळजवळ कोरडा. द्राक्षं उन्हाळ्याच्या अखेरीला तोडायची, जैतून त्यानंतर. म्हणजे फळ पिकतं ते पाऊस थांबून महिने लोटल्यावर, जमिनीत खोल मुरलेल्या ओलीवर. यिर्मया 17:8 मधलं झाड उन्हाची झळ लागली तरी घाबरत नाही आणि अवर्षणाच्या सालीही फळ द्यायचं थांबत नाही, हे वाक्य या हवामानात ठेवून वाचलं की त्याचं वजन कळतं. त्याच्या मुळांनी पाणी गाठलेलं आहे, एवढंच कारण संदेष्टा देतो.

आता नियमशास्त्राचे दोन नियम. लेवीय 19:23-25 सांगतं की नवीन लावलेल्या फळझाडाचं फळ तीन वर्षं खायचं नाही, चौथ्या वर्षीचं परमेश्वराच्या स्तुतीसाठी पवित्र, आणि पाचव्या वर्षापासून खायचं. वाट पाहणं हा शेतीचा अपरिहार्य भाग आहेच, इथे तो आज्ञेचाही भाग झाला आहे. दुसरा नियम अनुवाद 24:20-21 मधला: जैतून एकदा झोडपला, वेलीची द्राक्षं एकदा खुडली, की मागे राहिलेलं वेचायला पुन्हा जायचं नाही. ते उपरी, पोरकी आणि विधवा यांचं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्यांदा स्पष्ट मिळतं. फळ कोण खाणार? मालक खाईल, पण त्याच्या बरोबरीनं जिच्याकडे जमिनीचा तुकडा नाही तीही खाईल. नव्या करारात ‘फळ’ आलं की ही विधवा आठवली पाहिजे. ती विसरली की फळ हे आपल्या भक्तीचं प्रमाणपत्र होतं.

तिसरी पायरी: यशया 5 सावकाश वाचा

या उताऱ्याला एक पूर्ण बैठक द्या. ही द्राक्षमळ्याची कविता आहे आणि ती प्रेमगीतासारखी सुरू होते. माझ्या प्रियाचा एक मळा होता, सुपीक टेकडीवर. त्यानं काय काय केलं ते गटाला मोजायला लावा: जमीन खणली, धोंडे वेचून काढले, उत्तम जातीची वेल लावली, मधोमध बुरूज बांधला, आणि द्राक्षारसासाठी कुंड खोदलं. कुंडावर थांबा. फळ यायच्या आधीच त्यानं रस काढायची जागा दगडात कोरून ठेवली आहे. इतका त्याला भरवसा होता.

आणि आली ती रानटी, आंबट द्राक्षं.

इथे बहुतेक लोक ‘आपणही असेच आंबट’ असं म्हणून प्रार्थनेला लागतात. थांबवा त्यांना. सातवं वचन वाचल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण परमेश्वराला कुठलं फळ हवं होतं ते तिथे नाव घेऊन सांगितलं आहे. त्यानं न्यायाची अपेक्षा केली तर रक्तपात दिसला, नीतिमत्त्वाची अपेक्षा केली तर आकांत ऐकू आला. आणि आठवं वचन: घराला घर आणि शेताला शेत जोडत सुटलेल्यांना धिक्कार, ज्यांच्यामुळे दुसऱ्याला जागाच उरत नाही. आंबट द्राक्ष म्हणजे काय, याचं पहिलं उदाहरण जमीन गिळणं हे आहे. उपास चुकला किंवा भजनाला उशीर झाला हे नाही.

गटासाठी प्रश्न: आपल्या गावात, सोसायटीत, मंडळीच्या मालमत्तेच्या व्यवहारात कुणाचा आकांत ऐकू येतो? अवघड प्रश्न आहे. कुणी बोललं नाही तरी चालेल, पण विचारा.

याच बैठकीत यहेज्केल 15 दोन मिनिटं वाचून टाका. द्राक्षवेलीच्या लाकडाचा काय उपयोग? भांडं टांगायला त्याची खुंटीसुद्धा होत नाही. फळ सोडलं तर या झाडाला दुसरं मोल नाही. योहान 15 मध्ये जळणाऱ्या फाट्यांचं वचन येईल तेव्हा हे उपयोगी पडेल.

चौथी पायरी: स्तोत्र 1 आणि हबक्कूक 3 एकमेकांसमोर ठेवा

स्तोत्र 1 मधलं झाड आपल्या हंगामी फळ देतं. ‘हंगामी’ हा शब्द रंगवला असेलच. बारमाही फळाचं वचन या स्तोत्रात नाही. त्याची पानं मात्र कोमेजत नाहीत. हंगाम नसताना झाडाचं काम एवढंच की हिरवं राहायचं.

हबक्कूक त्याच्याही पलीकडे जातो. अंजिराला फूल नाही, वेलीला फळ नाही, जैतुनानं दगा दिला, शेतं पिकली नाहीत, गोठ्यात गुरं नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी उल्लास करीन. विश्वास आणि फळ यांची गाठ इतकी सरळ नाही हे शास्त्रानंच सांगून ठेवलं आहे. पीक बुडालेल्या शेतकऱ्याच्या घरी प्रार्थनेला जाल तेव्हा हा उतारा जवळ असू द्या, आणि तो वाचण्याआधी थोडा वेळ नुसतं बसा.

पाचवी पायरी: दोन अंजिरांची गल्लत करू नका

लूक 13 मधला अंजीर दृष्टांतातला आहे. मालक तीन वर्षं येतो, फळ मिळत नाही, तोडून टाक म्हणतो. माळी म्हणतो, धनी, ह्याही वर्षी राहू द्या, मी सभोवार खणतो, खत घालतो. गोष्ट तिथेच संपते. पुढच्या वर्षी फळ आलं का, ते येशू सांगत नाही. उपदेश करणाऱ्यांनी हा शेवट स्वतः भरून काढू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे. ऐकणाऱ्याला खणणाऱ्या माळ्याजवळ सोडून द्यावं. मंडळीत एखादा तरुण भरकटला असेल तर प्रश्न हा की त्याच्याभोवती खणणारं कोण आहे.

मार्क 11 मधला अंजीर मात्र येशूच्या वाटेवरचा. बेथानीहून येताना त्याला पानांनी भरलेलं झाड दिसतं, जवळ जातो तर फळ नाही. अंजिरांचा हंगाम नव्हता असं मार्क स्वतः सांगतो. मग झाडाला शाप का? इथे गटातला विचारी माणूस अडतो आणि त्यानं अडलंच पाहिजे. उत्तर उताऱ्याच्या रचनेत आहे. शाप, मग मंदिरातल्या सराफांच्या चौरंगांची उलथापालथ, मग दुसऱ्या दिवशी वाळलेलं झाड. मार्कानं मंदिराची घटना अंजिराच्या दोन तुकड्यांच्या मध्ये बसवली आहे. झाड हे मंदिराचं चित्र आहे: पानांनी गजबजलेलं आणि भुकेल्याला काही न देणारं.

आता मंदिरात येशू कुठलं वचन उच्चारतो ते पाहा: माझ्या घराला सर्व राष्ट्रांचं प्रार्थनामंदिर म्हणतील. हे यशया 56:7. तो अध्याय उघडा आणि तिसऱ्या वचनावर बोट ठेवा. तिथे षंढ माणसाला सांगितलं आहे, ‘मी केवळ शुष्क झाड आहे’ असं म्हणू नकोस. पाचव्या वचनात परमेश्वर त्याला आपल्या घरात मुलामुलींपेक्षा उत्तम असं नाव देऊ करतो. अनुवाद 23:1 नं ज्याला सभेबाहेर ठेवलं होतं, त्यालाच. पानांनी भरलेलं झाड वाळलं, आणि स्वतःला वाळलेलं म्हणणाऱ्याला घरात जागा मिळाली. माझ्या मते या सगळ्या अभ्यासाचा कणा इथे आहे. प्रेषितांची कृत्ये 8 मधला कूशी (आफ्रिकेतल्या कूश देशाचा) षंढ रथात बसून यशयाच वाचत होता आणि त्याच वाटेवर त्याचा बाप्तिस्मा झाला, हेही याच बैठकीत वाचून घ्या.

सहावी पायरी: योहान 15 आणि एखादा द्राक्षबाग

येशू हे शेवटच्या भोजनाच्या रात्री बोलला. ऐकणाऱ्यांना वेल म्हणजे इस्राएल हे पाठ होतं, स्तोत्र 80 मध्ये ती मिसरातून आणलेली वेल आहे. यरुशलेमच्या मंदिराच्या दारावर सोन्याची वेल होती आणि तिचे घोस माणसाच्या उंचीचे होते, असं योसेफस हा यहूदी इतिहासकार लिहितो. पुढे रोमविरुद्धच्या बंडात, इ.स. 66 ते 70 च्या काळात, यहूद्यांनी पाडलेल्या नाण्यांवरही वेलीचं पान आहे. अशा लोकांसमोर ‘मी खरा द्राक्षवेल आहे’ म्हणणं ही केवढी गोष्ट होती ते लक्षात घ्या.

नाशिक, सांगली, सोलापूरकडच्या वाचकांना इथे एक मोठी सोय आहे. शक्य असेल तर गटाला एप्रिलमध्ये, खरड छाटणीच्या वेळी, ओळखीच्या बागेत घेऊन जा. वर्षभर पोसलेल्या काड्या एक-दोन डोळे (जिथून नवा फुटवा येतो ते कोंब) ठेवून कापतात आणि बाग ओकीबोकी होते. ओल असेल तर कापलेल्या टोकातून पाण्याचे थेंब गळताना दिसतात. बागायतदाराला विचारा, घड कधी ठरतो? तो सांगेल की एप्रिलनंतर फुटलेल्या काडीच्या डोळ्यांतच घडनिर्मिती होते. ऑक्टोबरला फळछाटणी होते तेव्हा घड डोळ्यात दडलेला असतो, दिसतो नंतर. उन्हाळ्यात काडीला काय मिळालं यावर पुढच्या वर्षाच्या सुरुवातीचा माल ठरतो.

एक सावधगिरी. इस्राएलात वेल हिवाळ्यात झोपते आणि मुख्य छाटणी तेव्हाच होते. फळ धरल्यावर कोवळे फुटवे कोयत्यानं काढण्याचा उल्लेख यशया 18:5 मध्ये आहे. आपली दोन छाटण्यांची पद्धत आपल्या हवामानाची आहे, ती योहानाच्या उताऱ्यावर जशीच्या तशी बसवू नका. बागेत जायचं ते कात्री आणि काडी जवळून बघायला.

परत आल्यावर दुसरं वचन वाचा. फळ न देणारा फाटा काढला जातो, आणि फळ देणाराही छाटला जातो. दोघांनाही पातं लागतं. म्हणून एखाद्याच्या आयुष्यात दुःख आलं यावरून तो फळ देत नव्हता असं ठरवता येत नाही. उलट बाजूही सांभाळा: ज्याच्या घरी मृत्यू झाला आहे त्याला ‘देव तुमची छाटणी करतोय’ असं सांगू नका. तिसऱ्या वचनात शिष्य शुद्ध झाले ते येशूनं सांगितलेल्या वचनामुळे. इथे माळ्याच्या हातातलं हत्यार वचन आहे. प्रत्येक अपघाताला छाटणी म्हणायचा परवाना हा उतारा देत नाही.

मग ‘माझ्यामध्ये राहा’ म्हणजे नेमकं काय करायचं? पुष्कळ जण इथे धूसर होतात, योहान होत नाही. सातव्या वचनात त्याची वचनं आपल्यात राहणं आहे, दहाव्यात त्याच्या आज्ञा पाळणं, बाराव्यात ती आज्ञा कोणती ते: एकमेकांवर प्रीती करा. तेराव्यात तिचं माप: मित्रांसाठी जीव देणं. या चार वचनांना एका रेघेनं जोडा. मग सोळावं वाचा. शिष्यांनी त्याला निवडलं नाही, त्यानं त्यांना निवडलं आणि टिकणारं फळ देण्यासाठी नेमलं. ‘कुणी लावलं?’ या प्रश्नाचं उत्तर शेवटी आलं.

सातवी पायरी: गलतीकर 5 ची यादी एकटी वाचू नका

प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. रविवारच्या शाळेतल्या मुलांनाही हे पाठ असतं, म्हणून आपण ते गुणपत्रिकेसारखं वाचतो. त्याच्या आधीचं पंधरावं वचन वाचा. ही माणसं एकमेकांना चावत आणि खाऊन टाकत होती. पौल भांडणानं फाटलेल्या मंडळ्यांना लिहितो आहे. त्या पार्श्वभूमीवर नऊपैकी बहुतेक गोष्टी एकट्यानं करताच येत नाहीत. सहनशीलतेला समोर त्रास देणारा माणूस लागतो.

म्हणून आठवड्याचा सराव असा द्या: प्रत्येकानं यादीतली एकच गोष्ट निवडायची आणि तिच्यापुढे एका माणसाचं नाव लिहायचं, ज्याला ते फळ खायला मिळेल. सासू, शेजारी, ऑफिसमधला साहेब, मंडळीच्या कमिटीत ज्याच्याशी बोलणं बंद आहे तो. नाव कुणाला दाखवायचं नाही. पुढच्या बैठकीत ‘जमलं का’ विचारू नका. ‘त्या माणसाबद्दल काय नवीन कळलं’ हे विचारा.

आठवी पायरी: जिथे दुखतं तिथे हलक्या हातानं

स्तोत्र 128 आपल्याकडे लग्नात वाचलं जातं, पत्नी फलद्रूप वेलीसारखी होईल हे वचन त्यात आहे. ते सुंदर आहे. पण सभागृहात लग्नाला दहा वर्षं होऊन मूल नसलेलं जोडपंही बसलेलं असतं, अविवाहित बहीणही असते. फळाचा अभ्यास घेताना गटात असं कुणी असेल असं धरूनच चाला. यशया 56 तुम्ही आधी वाचलेला असेल तर बोलायला आधार मिळतो. लूक 11:27-28 ही जोडा: एक बाई येशूच्या आईची कूस धन्य म्हणते, आणि तो म्हणतो, देवाचं वचन ऐकून पाळणारे त्यापेक्षा धन्य. ‘प्रार्थना कमी पडते’, ‘विश्वास वाढवा’ असलं वाक्य कुणी टाकलं तर गट चालवणाऱ्यानं ते तिथेच अडवावं, नंतर नव्हे.

पैशाचंही तसंच. बढती, फ्लॅट, व्हिसा यांना फळ म्हणण्याची सवय लागली आहे. त्यासाठी उपकार मानावेत, जरूर मानावेत. पण फिलिप्पैकरांना नीतिमत्त्वाच्या फळाबद्दल लिहिणारा पौल तेव्हा बंदिवासात होता, हे गटाला आठवण करून द्या.

शेवटची बैठक

जमलं तर ती कापणीच्या सणाच्या आसपास ठेवा. त्या दिवशी वेदीपुढे ज्वारीची कणसं, भोपळे, केळीचे घड, कुणाच्या परसातली पपई मांडलेली असते आणि उपासनेनंतर लिलाव होतो. गटानं अनुवाद 26:1-11 वाचावं. पहिलं पीक टोपलीत घालून आणणारा माणूस वेदीपुढे आपली कहाणी सांगतो, आणि अकराव्या वचनात लेवी (मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला) आणि उपरी त्याच्याबरोबर आनंद करतात. मग कमिटीशी आधीच बोलून ठेवलेलं एक काम करा: लिलावात न घालता काही टोपल्या बाजूला काढा आणि मंडळीच्या आसपास राहणाऱ्या, मंडळीत नसलेल्या दोन-तीन घरी पोहोचवा. ऊसतोडीला आलेलं कुटुंब असेल, एकटी राहणारी आजी असेल. पत्रक देऊ नका, प्रार्थनेचा आग्रह धरू नका. त्यांनी थांबायला सांगितलं तर बसा, पाणी दिलं तर प्या, आणि टोपली रिकामी करून परत आणा म्हणजे पुढच्या वर्षी लागेल.